गोखल्यांची माफी

चिंचवडच्या चापेकर चौकातून आपण कितीदा तरी ये-जा करतो. चापेकर बंधू इथलेच. १८९७ च्या प्लेगात त्यांनी काय केले, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्याच प्लेगात सापडलेल्या दुसऱ्या एका माणसाची हकीकत मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. गरिबीत शिकून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले. इकडे पुण्यात रँडसाहेबांच्या हुकमाने गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेत होते. देवघर, स्वयंपाकघर काही सुटत नव्हते. सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांतील एकीने जीव दिला, असे मित्रांनी पत्रांतून कळवले. गोखल्यांनी विश्वास ठेवला आणि ते तिथल्या वृत्तपत्रात छापून आणले.

२२ जूनच्या रात्री रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैअखेर गोखले मुंबईत उतरले. सरकारला पुरावा हवा होता आणि तो मिळेना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगितली असती, तर दोष त्यांच्यावर गेला असता. पण धरपकडीच्या त्या दिवसांत नाव सांगणे म्हणजे मित्राला पोलिसांच्या हाती देणे. गोखल्यांनी सगळा दोष स्वतःकडे घेतला आणि गव्हर्नर, प्लेग कमिटी व सोल्जर यांची बिनशर्त, जाहीर माफी मागितली.

लोक भयंकर चिडले. कोणी त्यांना भेकड म्हटले. डिसेंबरात अमरावतीच्या काँग्रेसमध्येही हा राग उघड दिसला.

आम्हालाही वाटते, सोल्जरांची माफी मागणे जरा जास्तच झाले. ती एक गोष्ट सिद्ध झाली नाही, हे खरे. पण बूट घालून घरात शिरलेले शिपाई आणि बाहेर फेकलेले सामान पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिले होते. ती जखम एकट्या गोखल्यांच्या माफीने कशी भरणार? तरी खोटे ठरू शकेल असे बोललो, हे भर बाजारात कबूल करणे सोपे नाही. पापनिवेदनाला उभे राहताना आपले पाय जड होतात. तिथे तर ऐकणारा एकच असतो!

प्लेग पुन्हा आला तेव्हा गोखले स्वयंसेवक झाले. जिथे सोल्जर शिरले होते, त्या पुण्याच्या वस्त्यांतून ते स्वतः फिरले. १८९९ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले. पुढे कलकत्त्याच्या मंडळात अंदाजपत्रकावर बोलताना, मिठावरच्या कराविरुद्ध बोलताना, ते आकडे इतके पारखून आणीत की सरकारी सभासदांना उत्तर देणे जड जाई. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.