खुडरी आणि कर्नल साइक्स

गेल्या हिवाळ्यात मी गळावर कोंबड्याचे पीस रेशमी दोऱ्याने गुंडाळून पाणकिड्यासारखी एक खोटी माशी बांधली आणि संगमावर गेलो. खुडरी, म्हणजे आपल्याकडचा महाशीर, किडेही खाते; म्हणून अशा माशीला ती फसते. मासा लागला नाही. मग ग्रंथालयात शिरलो, तेव्हा कर्नल विल्यम हेन्री साइक्स गळाला लागले!

१७९० साली इंग्लंडात जन्मलेले हे गृहस्थ १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांविरुद्ध लढले. (हे मला आजही खुपते.) १८२४ मध्ये एल्फिन्स्टनने त्यांना दख्खनच्या पाहणीवर नेमले. १८३१ पर्यंत ते माणसे, पिके, पाऊस, पक्षी, मासे यांची नोंद करीत हिंडले. १८३९ मध्ये मुळामुठेतल्या या माशाला शास्त्रीय नाव देताना त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडचाच शब्द ठेवला. कोळस माशाचेही तसेच. जेत्याने जितांची भाषा शास्त्रात नेली, याचे मला नवल वाटते. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले, पार्लमेंटात गेले आणि १८७२ मध्ये लंडनला वारले.

लोणावळ्याजवळ वळवणला १९७० नंतर खुडरीची पिल्ले वाढवून तलावांत सोडली गेली. संगमावर मात्र दोन तासांनी माझ्या माशीला लागून आली ती प्लास्टिकची पिशवी.