गंगारामचा चहा आणि उमेदवारांचा चहा

निवडणूक जवळ आली की आमच्या वस्त्यांना अचानक पाहुणे येऊ लागतात. परभणी शहर असो की सेलू, जिंतूर, पाथरी, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतील गावकुसाबाहेरची वस्ती असो, एरवी ज्या बोळात घंटागाडी वळत नाही त्या बोळाच्या तोंडाशी पांढऱ्या गाड्यांचा ताफा थांबतो. साहेब उतरतात, बूट काढतात, सतरंजीवर मांडी घालून बसतात. म्हातारीच्या पाया पडतात, भाकरी-ठेचा मागतात. आपणही शेतकऱ्याचेच पोर आहोत, असे सांगतात. मग फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी तो गावभर फिरतो. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका एकाच वर्षात झाल्या, त्यामुळे हा सोहळा आम्ही दोनदा पाहिला.

त्यातील एक प्रसंग आमच्या डोळ्यांसमोर घडला. उमेदवाराचे नाव सांगत नाही, कारण नाव कोणतेही घातले तरी चालेल. घरातल्या माउलीने शेजारणीकडून साखर उसनी आणून चहा केला. साहेबांनी कप हातात घेतला, कॅमेऱ्याकडे पाहून ओठाला लावला आणि फोटो निघताच खाली ठेवला. गाडीजवळ गेल्यावर ते बंद बाटलीचे पाणी प्यायले. भरलेला कप माउलीने काही न बोलता मोरीत ओतला. आम्ही तिथेच उभे होतो आणि आम्हीही काही बोललो नाही, हेही कबूल केले पाहिजे.

हा रोग आपल्याकडचाच आहे असे कोणी समजू नये. विलायतेत २०२२ साली तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी पेट्रोलवरील कर कमी केला आणि साध्या माणसासारखे दिसण्यासाठी एका लहान मोटारीत पेट्रोल भरतानाचा फोटो काढून घेतला. ती मोटार एका दुकानातील कर्मचाऱ्याची होती, फोटोपुरती मागून घेतलेली. हे गृहस्थ इन्फोसिसच्या नारायण मूर्तींचे जावई. त्याआधी २००९ साली राहुल गांधी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांना घेऊन अमेठीतील एका दलित बाईच्या झोपडीत रात्रभर मुक्कामाला राहिले. कर्नाटकात २०१७ साली एका माजी मुख्यमंत्र्यांनी दलिताच्या घरी न्याहारी केली आणि तिथली इडली हॉटेलातून आणली होती अशी बातमी गाजली. पक्ष वेगळे, देश वेगळे, सतरंजी एकच.

मग श्रीमंताने गरिबाच्या दारात बसूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी एक राजा अस्पृश्याच्या हॉटेलात बसून चहा पीत असे, आणि त्या चहाचे ऋण आपण आजही मानतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचे चरित्र चळवळीतल्या वाचकाला नवे नाही. तरी या एका चहाच्या बाजूने ते पुन्हा पाहावे असे आम्हाला वाटते.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला, नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, राज्याची सूत्रे हाती आली. म्हणजे गरिबी त्यांनी कधी भोगली नव्हती. वाडे, हत्ती, घोडे, शिकारीचे चित्ते, पैलवान, सर्व थाट होता. तो त्यांनी कधी लपविला नाही. राजा असल्याचे लपवून फकीर असल्याचे सोंग त्यांनी घेतले नाही, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

परंतु एक अनुभव मात्र या राजाला आला, जो आपल्या बापजाद्यांना रोजच येत होता. १८९९ साली कार्तिक महिन्यात पंचगंगेवर स्नान चालू असताना पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे ध्यानात आले. विचारणा झाली तेव्हा उत्तर मिळाले की महाराज शूद्र आहेत. छत्रपतींच्या गादीवर बसलेला माणूस भटजीच्या लेखी शूद्र! पुष्कळ राजे असा अपमान गिळून दक्षिणा वाढवून देतात. महाराजांनी राजोपाध्यांचे वतन काढून घेतले. सनातनी वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर तुटून पडायचे ते तेव्हापासून अखेरपर्यंत.

गादीवर आले तेव्हा महाराजांनी दरबारच्या नोकऱ्यांचा हिशेब पाहिला होता. सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण. २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम निघाला की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. त्या वेळी महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. तिथल्या सरदार-उमरावांच्या मेजवान्या झडत असताना इकडे कोल्हापुरात हा कागद निघाला. आज आरक्षणाच्या नावाने जे नाक मुरडतात त्यांनी ही तारीख पाठ करावी.

आता गंगारामची गोष्ट. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत चाकरीला होते. पागेतल्या हौदाला शिवल्यावरून सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज त्या वेळी बाहेरगावी होते. परत आल्यावर गंगारामांनी सोनतळीच्या कॅम्पावर जाऊन पाठीवरचे वळ दाखविले. मारणाऱ्याला महाराजांनी शिक्षा केली. परंतु तेवढ्यावर ते थांबले असते तर ती एका धन्याची दया झाली असती. त्यांनी गंगारामांना चाकरी सोडून स्वतःचा धंदा करायला सांगितले आणि भांडवलाला मदत केली. कोल्हापूरच्या भाऊसिंगजी रोडवर अस्पृश्याचे हॉटेल उभे राहिले. चहा उत्तम, जागा स्वच्छ, पण सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. महाराचा चहा प्यायचा कोणी?

मग महाराजांची गाडी त्या दारात थांबू लागली. खडखडा नावाची ती गाडी साऱ्या कोल्हापूरला ठाऊक होती. भर रस्त्यात, लोकांच्या देखत महाराज गंगारामांकडे चहा मागत आणि पीत. एकटे पीत नसत. बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही प्यावा लागे. राजाने घेतल्यावर सरदार नको कसे म्हणणार? कित्येकांनी तो डोळे मिटून घशाखाली ढकलला असेल. ढकलेनात का! तो कप मोरीत गेला नाही एवढे खरे. आणि एक फरक पाहा. आजचा उमेदवार चहा घेतो तो मते मिळावीत म्हणून. महाराजांना कोणाचे मत मागायचे नव्हते. उलट त्या प्रत्येक कपागणिक त्यांच्याच जातीतले, त्यांच्याच पंगतीतले लोक त्यांच्यापासून दुरावत होते. जो चहा पिऊन पिणाऱ्याचे काहीतरी जाते, तोच चहा आम्ही खरा मानतो.

त्या चहामागोमाग जे हुकूम निघाले ते आणखी महत्त्वाचे. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले होतेच. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या बापाला दरमहा एक रुपया दंड. १९१८ साली महार वतन खालसा करून त्या जमिनी महारांच्या नावे रयतावा करून दिल्या. पिढ्यान् पिढ्या ज्या तुकड्यापायी महाराला साऱ्या गावाची चाकरी करावी लागे, ती चाकरी गेली आणि जमीन राहिली. गुन्हेगार ठरविलेल्या जातींची रोजची हजेरी बंद झाली, फासेपारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या मिळाल्या. कुलकर्णी वतने गेली आणि तलाठ्याच्या जागेवर अस्पृश्य तरुण बसू लागला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम झाला. १९२० साली वेठ बंद झाली.

हे सारे कोल्हापुरात चालले होते तेव्हा आमचा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. १९३७ साली टाइम या अमेरिकन साप्ताहिकाने जगातील सर्वात श्रीमंत माणूस म्हणून त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. आणि हा जगातला सर्वात श्रीमंत माणूस जुनी, विटकी शेरवानी घालीत असे. साधेपणाच्या त्यांच्या कहाण्या आजही रंगवून सांगितल्या जातात. त्या साध्या शेरवानीच्या राज्यात आमच्या आजोबा-पणजोबांची वेठ काही सुटली नाही. त्यात धर्माचा प्रश्न कोणी काढू नये, कारण गावोगाव वेठ घेणारे देशमुख, देशपांडे, पाटील कोणत्या धर्माचे होते हे आम्हाला चांगले माहीत आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट गेली. देशमुखी वाडे मात्र राहिले आणि पुढे त्यांतल्या कित्येकांनी खादी घातली. कपडा साधा झाला म्हणून जमिनीचा सातबारा बदलत नाही.

म्हणून सतरंजीवर बसणाऱ्या प्रत्येक साहेबाला आम्ही सातबाराचा प्रश्न विचारतो. मराठवाड्यातील भूमिहीन दलितांनी गायराने कसली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची ही अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली झाला. आज कित्येक घरांत ज्या आजोबांनी ती जमीन फोडली ते वारले, नातू ती कसतो आहे आणि सातबारावर अजून नाव नाही. पेरणी झाली की उभ्या पिकात जनावरे घातली जातात, तक्रार दिली तर अतिक्रमणवाला म्हणून आम्हालाच नोटीस येते. कोल्हापूरच्या राजाने १९१८ साली एका हुकमाने जे केले, ते करायला निवडून आलेल्यांना तीन पिढ्या लागाव्यात?

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर वस्त्यांवर पोलिसी कारवाई झाली आणि आमचा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तेव्हाही मुंबई-दिल्लीहून ताफे आले. दुःखात दारी आलेल्याला आम्ही नावे ठेवत नाही, ती आमची रीत नव्हे. पण ताफे गेल्यानंतर न्यायालयाच्या पायऱ्या चढायला त्या घरची माणसे आणि चळवळीतली माणसेच उरली, हे परभणीकरांनी पाहिले आहे.

महाराजांची पायधूळ अशीच एकदा मुंबईच्या चाळीत झडली होती. परदेशातून शिकून आलेला एक अस्पृश्य तरुण मुंबईत आहे हे त्यांना कळले आणि राजा स्वतः त्याच्या चाळीतल्या खोलीवर गेला. फोटोसाठी नव्हे. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाला त्याला महाराजांची अडीच हजार रुपयांची मदत होती. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगाव परिषद भरली. त्या परिषदेत महाराजांनी जमलेल्या अस्पृश्य बांधवांना सांगितले की तुम्ही तुमचा पुढारी शोधून काढला आहे, आणि तो पुढारी म्हणजे डॉ. आंबेडकर. नीट पाहिले तर ही फार अवघड गोष्ट आहे. मीच तुमचा, मीच तुमच्यातला, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी तुमचा पुढारी नव्हे, तुमच्यातला हा तरुण तुमचा पुढारी, असे सांगून बाजूला होणारा राजा एकच झाला. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले, तेव्हाही महाराजांचा हात मागे होता.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. पुढे पुष्कळांनी त्यांचे पुतळे उभारले, रस्त्यांना नावे दिली. पण पहिले स्मारक कोल्हापुरातल्या अस्पृश्यांनी १९२५ साली नर्सरी बागेत उभारले, आणि त्यासाठी पुढाकार घेणारा माणूस भाऊसिंगजी रोडवरचा चहावाला गंगाराम कांबळे होता.