तुरुंगातून सिंहासनाकडे

विद्यार्थी मित्रांनो, राजवाड्यात जन्मलेल्या मुलीला कशाचीच भीती नसते, असे तुम्हांला वाटते का? मग इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिची हकिकत वाचा.

तिचा जन्म ७ सप्टेंबर १५३३ रोजी ग्रीनिचच्या राजवाड्यात झाला. तिचे वडील, राजा आठवा हेन्री, यांना गादीसाठी मुलगा हवा होता. मुलगी झाल्यामुळे ते नाराज झाले. १५३६ साली त्यांच्याच कारकिर्दीत एलिझाबेथच्या आईचा, राणी ॲन बोलिनचा, लंडनच्या टॉवर नावाच्या किल्ल्यात शिरच्छेद झाला. तेव्हा एलिझाबेथ तीन वर्षांचीही नव्हती. तिचा राजकन्येचा मानही गेला.

आई गेली, मान गेला. पण शिक्षण थांबले नाही. ती लॅटिन, ग्रीक, फ्रेंच आणि इटालियन भाषा शिकली. बाराव्या वर्षी तिने एका प्रार्थनापुस्तकाचा तीन भाषांत अनुवाद करून तो वडिलांना भेट दिला.

पुढे वडील वारले. धाकटा सावत्र भाऊ एडवर्ड राजा झाला. १५५३ साली तोही वारला आणि थोरली सावत्र बहीण मेरी राणी झाली. मेरी कॅथलिक पंथाची, तर एलिझाबेथ प्रॉटेस्टंट. १५५४ साली मेरीविरुद्ध बंड झाले. एलिझाबेथ बंडखोरांना सामील आहे, असा संशय आला. तिला टॉवरमध्ये नेण्याचा हुकूम सुटला. जिथे आईला मारले, तोच हा किल्ला!

वीस वर्षांच्या एलिझाबेथने काय केले असेल, बरे? तिने बहिणीला पत्र लिहिले आणि आपण निर्दोष असल्याचे कळवले. पत्राच्या शेवटी बरीच जागा कोरी राहिली. तिथे कोणी खोटा मजकूर घुसडू नये, म्हणून तिने त्या जागेवर तिरप्या रेघा मारल्या. जीव धोक्यात असतानाही तिचे भान सुटले नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी तिला किल्ल्यात कोंडले. तिची कसून चौकशी झाली. तिने प्रत्येक उत्तर जपून दिले. तिच्याविरुद्ध पुरावा मिळाला नाही. दोन महिन्यांनी तिला तिथून हलवले. पण पुढे जवळजवळ वर्षभर ती वुडस्टॉक येथे नजरकैदेत होती.

१७ नोव्हेंबर १५५८ रोजी मेरी वारली आणि पंचवीस वर्षांची एलिझाबेथ राणी झाली. तिने ४४ वर्षे राज्य केले. इतिहासात तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे नाव वाचले असेल. १६०० साली त्या कंपनीला व्यापाराची सनद देणारी राणी हीच.

मित्रांनो, टॉवरमध्ये तिच्याजवळ ना सैन्य होते, ना सत्ता. शिक्षण, धीर आणि जपून वापरलेले शब्द, एवढेच तिचे बळ होते.