झोपेत सुचलेला प्रयोग

मध्यरात्री काहीतरी भन्नाट सुचतं, अर्धवट झोपेत तुम्ही ते कागदावर खरडता आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागत नाही. झालंय ना असं? ऑटो लोवी यांचंही अगदी हेच झालं होतं.

१८७३ साली फ्रँकफर्टमध्ये जन्मलेल्या लोवींना खरं तर कलेचा इतिहास शिकायचा होता, पण घरच्यांमुळे मेडिकलला गेले. (ओळखीचं वाटतंय?) डॉक्टर झाल्यावर क्षयाचे, न्यूमोनियाचे पेशंट डोळ्यांदेखत जाताना पाहिले, हातात औषधच नव्हतं. मग ते औषधशास्त्राकडे वळले आणि १९०९ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला प्राध्यापक झाले.

मज्जातंतू हृदयाला निरोप कसा देतात? विजेने, असं तेव्हा बहुतेकांचं मत होतं. लोवींना रसायनाचा संशय होता, पण तपासायचं कसं ते सुचत नव्हतं. ते सुचलं थेट झोपेत, ईस्टरच्या सुमारास. पहिल्या रात्रीचा कागद सकाळी वाचताच येईना. दुसऱ्या रात्री तीनला तीच कल्पना परत आली, तेव्हा मात्र ते कागदाच्या नादी लागले नाहीत; उठून सरळ लॅब गाठली.

बेडकांची दोन हृदयं मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्याच्या व्हेगस मज्जातंतूला विजेचा झटका दिला, ठोके मंदावले. त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलं. त्याला कोणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावलं! म्हणजे द्रावणात काहीतरी उतरलं होतं. ते होतं अ‍ॅसिटिलकोलीन.

आता उंदराच्या मेंदूतल्या पेशींना जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनापासून बनवलेला सेन्सर तयार करायला लावतात. अ‍ॅसिटिलकोलीन किंवा डोपामिन चिकटलं की तो जास्त उजळतो आणि केसासारख्या बारीक ऑप्टिकल फायबरमधून तो उजेड मोजता येतो, तोही उंदीर इकडेतिकडे पळत असताना. लोवींचा सेन्सर म्हणजे ते दुसरं हृदय!

१९२१ मध्ये निष्कर्ष छापून आले, पण इतरांना प्रयोग जमेना. शेवटी १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत त्यांनी एकाच हृदयावर तो १८ वेळा करून दाखवला. १९३६ चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं.

दोनच वर्षांत नाझी ऑस्ट्रियात शिरले. लोवी ज्यू. रातोरात अटक झाली. आता आपल्याला मारणार, असं वाटत असताना त्यांनी कोठडीत पोस्टकार्ड मागितलं, ताज्या प्रयोगाचा निष्कर्ष जर्नलला कळवायला! सुटका झाली, पण नोबेलचे पैसे नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळवून द्यावे लागले.

१९४० मध्ये ते अमेरिकेला निघाले. सोबतच्या वैद्यकीय दाखल्यावर शेरा होता, वार्धक्यामुळे कमाई करण्यास असमर्थ. बंदरावरच्या अधिकाऱ्याने नशिबाने तिकडे काणाडोळा केला. लोवी न्यूयॉर्क विद्यापीठात रुजू झाले आणि १९६१ मध्ये, ८८ व्या वर्षी, त्याच शहरात वारले.