मृत्यूच्या तपासाची शाळा

फ्रान्सेस ग्लेस्नर ली यांचा जन्म २५ मार्च १८७८ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. त्यांचे वडील जॉन जेकब ग्लेस्नर हे शेतीची यंत्रे बनविणाऱ्या मोठ्या उद्योगाचे एक चालक होते. घरात कशाचीच उणीव नव्हती. फ्रान्सेस आणि त्यांचा भाऊ जॉर्ज या दोघांनाही शिकविण्यासाठी घरीच शिक्षक येत. वय वाढले तसा जॉर्ज हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला. फ्रान्सेस यांच्या वाट्याला मात्र विद्यापीठ आले नाही. श्रीमंत घरातील मुलीने विणकाम, भरतकाम, घराची सजावट आणि पाहुण्यांचे आदरातिथ्य यांत निपुण व्हावे, एवढीच त्या काळच्या समाजाची अपेक्षा होती. त्या या सर्व कलांत निपुण झाल्याही.

१८९८ मध्ये ब्ल्यूएट ली या वकिलाशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये झाली; पण संसार सुखाचा झाला नाही आणि १९१४ मध्ये घटस्फोट झाला. त्याच सुमारास, १९१३ मध्ये, त्यांनी आईला भेट म्हणून एक विलक्षण वस्तू तयार केली होती. शिकागोच्या प्रसिद्ध वाद्यवृंदातील नव्वद वादक आपापल्या वाद्यांसह त्यांनी बाहुल्यांच्या रूपात उभे केले होते. हा एका गृहिणीचा छंद आहे, असेच पाहणाऱ्यांना वाटले असेल.

भावाचा हार्वर्डमधील मित्र जॉर्ज बर्जेस मॅग्रा हा पुढे बॉस्टन शहराचा वैद्यकीय मृत्युतपासनीस झाला. संशयास्पद मृत्यूंची शवविच्छेदने करणे आणि न्यायालयात साक्ष देणे हे त्याचे काम होते. त्याच्या तोंडून अनेक प्रकरणांच्या हकिकती ऐकताना फ्रान्सेस यांना एका मोठ्या उणिवेची जाणीव झाली. अमेरिकेच्या बहुतेक भागांत अकस्मात मृत्यूचा तपास ‘कॉरोनर’ नावाचा अधिकारी करीत असे. (हे पद आपल्याकडे मुंबई शहरातही विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होते.) तेथे तो बहुधा मतदानाने निवडला जाई आणि त्याला वैद्यकाचे ज्ञान असलेच पाहिजे असा नियम नसे. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७७ मध्येच ही पद्धत मोडून डॉक्टरांची नेमणूक सुरू केली होती. इतरत्र मात्र जुनाच कारभार चालू होता. शिवाय डॉक्टर येण्यापूर्वीच पोलीस प्रेत हलवीत, सांडलेले रक्त तुडवीत, पडलेले हत्यार हाताळीत. अशाने खुनी सुटू शकत होता आणि निरपराध माणूस अडकू शकत होता. चुकीचे कारण एकदा कागदावर चढले, की मेलेल्या माणसाची बाजू मांडणारे कोणीच उरत नसे.

हे बदलायचे तर शिकविणारे हवेत आणि शिकणारेही हवेत, हे फ्रान्सेस यांनी ओळखले. वारशाने आलेली संपत्ती त्यांनी या कामी लावली. १९३१ मध्ये त्यांच्या देणगीतून हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यकशास्त्राच्या अध्यापनाची सोय झाली. १९३४ मध्ये त्यांनी स्वतः जमविलेल्या सुमारे एक हजार ग्रंथांचे ग्रंथालय मॅग्रा यांच्या नावाने तेथे उघडले. १९३६ मध्ये अडीच लाख डॉलर देऊन त्यांनी स्वतंत्र विभागाचा पाया घातला. विभागप्रमुख म्हणून अ‍ॅलन मॉरिट्झ यांची निवड झाली आणि युरोपातील संस्थांचा अभ्यास करून आल्यावर त्यांनी तरुण डॉक्टरांना या शास्त्राचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. जे वैद्यकीय महाविद्यालय १९४५ पर्यंत स्त्रियांना विद्यार्थिनी म्हणून प्रवेशही देत नव्हते, तेथे हे सारे एका पदवी नसलेल्या स्त्रीने घडवून आणले.

डॉक्टरांची सोय झाली, पण पोलिसांचे काय? शवविच्छेदनाच्या टेबलावर डॉक्टरला बरेच काही कळते. विषारी वायूने मृत्यू आला, हे तो रक्ताच्या रंगावरून ओळखू शकतो. पण त्या वायूची तोटी मृताने स्वतः उघडली की दुसऱ्या कोणी, हे प्रेत सांगत नाही. ते खोली सांगते. ती खोली पाहणारा पहिला माणूस बहुधा साधा पोलीस शिपाई असतो. त्याला पाहायला शिकवायचे कसे? खऱ्या घटनास्थळी शिकाऊ माणसांना गर्दी करू देता येत नाही आणि एकदा विस्कटलेले घटनास्थळ पुन्हा मांडता येत नाही.

येथे फ्रान्सेस यांच्या हातांतली जुनी कला कामी आली. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी मृत्यूच्या घटनास्थळांच्या सुमारे वीस लहान प्रतिकृती तयार केल्या. खऱ्या खोलीतील एका फुटाला प्रतिकृतीत एक इंच, असे प्रमाण ठरलेले होते. विषय खऱ्या प्रकरणांवरून घेतलेले, मात्र नावे आणि तपशील बदललेले. या मालिकेला त्यांनी ‘नटशेल’ असे नाव दिले. नटशेल म्हणजे अक्रोडासारख्या फळाचे कवच. एवढ्याशा जागेत सारे काही सामावलेले, असा त्याचा भाव.

लाकडी काम एक कुशल सुतार करी. बाकीचे बरेचसे त्या स्वतः करीत. इवल्या बाहुलीचे मोजे त्यांनी टाचण्यांवर विणले. दारे उघडत, खिडक्या सरकत, दिवे लागत. मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या भागात उतरून त्वचेवर जो काळसर रंग येतो, तो बाहुलीच्या अंगावर नेमक्या जागी रंगविलेला असे; कारण प्रेत मृत्यूनंतर हलविले गेले की नाही, हे त्यावरूनच समजते. हे तपशील अचूक यावेत म्हणून त्या शवविच्छेदनांना स्वतः हजर राहत.

यांतील एक प्रतिकृती स्वयंपाकघराची आहे. चुलीजवळ एक स्त्री मरून पडली आहे. वायूच्या तोट्या उघड्या आहेत. दाराच्या फटींत वर्तमानपत्राचे कागद कोंबले आहेत. तिचे गाल गुलाबी आहेत. कोळशापासून बनविलेल्या वायूने मृत्यू आला, की असा रंग दिसतो. पाहणारा लगेच आत्महत्या म्हणून मोकळा होईल. पण बटाटे अर्धेच सोललेले आहेत आणि इस्त्रीचे काम मध्येच राहिले आहे. जीव द्यायला निघालेली बाई बटाटे सोलायला बसेल का? बसेलही. त्याचे उत्तर घाईने देऊ नये, हाच तर पाठ होता.

बहुतेक प्रतिकृतींत गरीब आणि दुर्लक्षित माणसांची घरे आहेत आणि मृतांमध्ये स्त्रिया पुष्कळ आहेत. स्वतः वैभवात वाढलेल्या फ्रान्सेस यांनी हवेलीतले मृत्यू निवडले नाहीत. ज्यांच्या मृत्यूकडे तपास करणारे वरवर पाहून निघून जात, अशांचे मृत्यू त्यांनी निवडले, याची नोंद घेतली पाहिजे.

१९४३ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याच्या पोलीस दलाने त्यांना कॅप्टन नेमले. त्या वेळी त्यांचे वय ६५ होते. १९४५ पासून हार्वर्डमध्ये पोलिसांसाठी आठवडाभराची चर्चासत्रे सुरू झाली. निरनिराळ्या राज्यांतून निवडलेले अधिकारी तेथे येत, डॉक्टरांची व्याख्याने ऐकत आणि मग प्रतिकृतींसमोर बसत. प्रत्येकाला साक्षीदाराचे थोडक्यात निवेदन दिले जाई. ते खरे असेलच असे नाही, हेही सांगितले जाई. हातात विजेरी आणि भिंग. वेळ सुमारे दीड तास. बाहेरच्या कडेने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पाहत पाहत मध्याकडे यायचे, प्रेतावर सुरुवातीलाच नजर खिळवायची नाही, अशी शिस्त होती. शेवटच्या संध्याकाळी बॉस्टनमधील एका मोठ्या हॉटेलात सर्वांना मेजवानी असे. तेथील फुलांची मांडणी आणि पाहुण्यांच्या बसण्याच्या जागासुद्धा फ्रान्सेस जातीने ठरवीत. पेरी मेसन या काल्पनिक वकिलाच्या कथा लिहिणारे अर्ल स्टॅन्ली गार्डनर हेही या चर्चासत्रास आले होते आणि त्यांनी आपली एक कादंबरी फ्रान्सेस यांना अर्पण केली.

२७ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, फ्रान्सेस यांचे निधन झाले. त्यांच्यामागे हार्वर्डचा विभाग फार काळ टिकला नाही. १९६७ मध्ये तो बंद पडला. हार्वर्डमध्ये प्रशिक्षण घेतलेले डॉ. रसेल फिशर तेव्हा मेरीलँड राज्याचे मुख्य वैद्यकीय तपासनीस होते. त्यांनी प्रतिकृती बॉल्टिमोर शहरी आपल्या कार्यालयात आणविल्या आणि चर्चासत्रांची परंपरा तेथे पुढे चालू झाली.

२०१७ मध्ये वॉशिंग्टन येथील रेन्विक कलादालनात या प्रतिकृतींचे प्रदर्शन भरले. लोक भिंगातून तासन्‌तास पाहत राहिले. प्रकरणांची उकल मात्र तेथे कोठेही लिहिलेली नव्हती. कारण प्रदर्शन संपल्यावर त्या प्रतिकृती बॉल्टिमोरला परत जाणार होत्या आणि नव्या शिकाऊ तपासनिसांपुढे ठेवायच्या होत्या.