अश्वविद्येचा आचार्य झेनोफन

इ.स.पू. ३९९ च्या सुमारास आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील लॅम्प्सकस या गावी एका ग्रीक सेनानीने आपला घोडा विकला. दोन वर्षांच्या मोहिमेनंतर घरी परतण्यापुरतेही पैसे त्याच्यापाशी उरले नव्हते. घोड्याची किंमत पन्नास दारिक, म्हणजे इराणी सुवर्णनाणी, आली. पुढे सैन्याचे वेतन घेऊन आलेल्या दोघांच्या कानी ही गोष्ट गेली. या माणसाचा त्या घोड्यावर जीव आहे असे ऐकून त्यांनी घोडा परत विकत घेतला, त्याच्या स्वाधीन केला आणि किंमत घेण्यास नकार दिला. ही हकीकत त्या सेनानीनेच आपल्या ‘अ‍ॅनाबॅसिस’ या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. त्याचे नाव झेनोफन.

झेनोफनचा जन्म इ.स.पू. ४३० च्या सुमारास अथेन्समधील एका संपन्न कुटुंबात झाला. तरुणपणी तो सॉक्रेटिसच्या सहवासात आला. इ.स.पू. ४०१ मध्ये इराणचा राजपुत्र सायरस आपल्या सम्राट भावावर चालून गेला, तेव्हा त्याच्या पदरच्या ग्रीक सैन्याबरोबर झेनोफनही होता. बाबिलोनजवळ कुनाक्सा येथे सायरस मारला गेला. पाठोपाठ इराण्यांनी ग्रीक सेनापतींनाही दगा देऊन ठार केले. परक्या मुलुखात अडकलेल्या सुमारे दहा हजार सैनिकांनी जे नवे सेनापती निवडले, त्यांत झेनोफन होता. शत्रूच्या घोडदळापुढे आपले पायदळ हतबल ठरते हे पाहून त्याच्या सूचनेवरून ओझ्याच्या घोड्यांतून निवड करून पन्नास स्वारांचे पथक उभारण्यात आले. आर्मेनियाच्या बर्फात घोडे पोटापर्यंत रुतू लागले, तेव्हा त्यांच्या पायांना लहान पिशव्या बांधण्याची युक्ती तेथील एका गावच्या प्रमुखाने ग्रीकांना शिकवली. अशा वाटेने हे सैन्य काळ्या समुद्राला पोहोचले.

पुढे झेनोफन स्पार्टाच्या बाजूस गेला आणि अथेन्सने त्याला हद्दपार केले. स्पार्टाने त्याला ऑलिंपियाजवळ सिलस येथे जमीन दिली. शेती, शिकार आणि लेखन यांत त्याची तेथील वर्षे गेली. उतारवयात त्याने तरुण मित्रांसाठी अश्वारोहणावर एक छोटा ग्रंथ लिहिला. आजही तो वाचला जातो, तो त्यातील व्यवहारज्ञानामुळे.

त्या काळी ग्रीकांपाशी रिकीब नव्हती, लाकडी सांगाड्याचे खोगीर नव्हते. घोड्याला नालही ठोकत नसत. स्वार केवळ मांड्यांच्या जोरावर बसे. रणात घोडा बुजला तर स्वाराच्या जिवावर बेतत असे. त्यामुळे घोड्याची भीती कशी घालवावी हा झेनोफनच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न होता.

मराठीत घोडा तयार करणाऱ्यास चाबूकस्वार म्हणतात. त्या नावातच चाबूक आहे. झेनोफनची शिकवण मात्र त्याच्याही आधी, मोतद्दारापासून सुरू होते. शिंगरू शिक्षकाच्या हाती देण्यापूर्वीच ते माणसाळलेले असावे. भूक, तहान आणि माश्यांचा त्रास एकटेपणी होतो, तर चारा, पाणी आणि त्रासातून सुटका माणसाच्या हातून मिळते, असा अनुभव त्याला यावा. अंगाच्या ज्या भागांवर स्पर्श त्याला सर्वांत आवडतो तेथे हात फिरवावा. गर्दीतून, नाना आवाजांतून त्याला न्यावे. एखाद्या वस्तूला ते बुजले तर मारू नये. आपण स्वतः त्या वस्तूला हात लावून दाखवावा आणि त्याला हळुवारपणे जवळ न्यावे. मार बसला की घोड्याला वाटते, ही वेदनाही त्या वस्तूमुळेच झाली. मग त्याची भीती दुणावते. रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये, हा नियम झेनोफनने सर्वांत वर ठेवला.

माणसाला शब्दांनी शिकवता येते, घोड्याला नाही. म्हणून घोड्याने हवे ते केले की त्याला लगेच सुख द्यावे: लगाम सैल सोडावा, काम थांबवावे, श्रम झाले तेथेच खाली उतरावे. जबरदस्तीने करवून घेतलेली हालचाल चाबकाने नाचवलेल्या नर्तकाच्या नाचासारखी कुरूप दिसते, असा त्याचा दाखला आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३८ मध्ये प्रबलनाची प्रयोगसिद्ध मांडणी केली. तिच्या आधारे पाहता, चारा देणे आणि कुरवाळणे हे सकारात्मक प्रबलन होय. लगाम सैल सोडणे हे नकारात्मक, कारण त्यात त्रास दूर होतो. हा भेद झेनोफनला ठाऊक नव्हता. शिवाय त्याला केवळ मायाळू ठरवणेही बरोबर होणार नाही. न ऐकणाऱ्या घोड्याला शिक्षा करणे त्याला मान्य होते, आणि एका गुळगुळीत लगामाबरोबर एक टोचणारा लगामही जवळ असावा, असे त्याने सांगितले आहे. ग्रंथाचे शेवटचे प्रकरण तर स्वाराच्या व घोड्याच्या चिलखतांविषयी आणि शस्त्रांविषयी आहे.

दरम्यान अथेन्स आणि स्पार्टा एकमेकांचे मित्र झाले होते. झेनोफनचे दोन्ही मुलगे अथेन्सच्या बाजूने लढण्यास गेले. त्यांपैकी ग्रिलस घोडदळात होता. इ.स.पू. ३६२ मध्ये मँटिनियाच्या लढाईत तो मारला गेला. वार्ता आली तेव्हा झेनोफन यज्ञ करीत होता. त्याने डोक्यावरचा पुष्पमुकुट उतरवला, आणि मुलगा शौर्याने लढताना पडला हे कळल्यावर पुन्हा धारण केला, अशी आख्यायिका आहे. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झेनोफनचे निधन झाले.