रेडिओ दुरुस्त करणारे लिओ फेंडर

मुलांनो, अल हिलालमधले आमच्या शेजारचे एक कुटुंब दोहा सोडून कायमचे आपल्या देशी परत गेले. जाण्यापूर्वी त्यांनी बरेच सामान विकायला काढले होते. त्यातली एक छोटी काळी पेटी आम्ही घेतली. ती होती गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. घरी आणताना ती दाराच्या चौकटीला आपटली आणि आतून झण्ण असा आवाज आला. घरातल्या मुलांचे चेहरे उतरले. आत काहीतरी तुटले, असेच सर्वांना वाटले.

मागची फळी काढून पाहिले. तुटले काहीच नव्हते. तळाशी रेक्झिनच्या पिशवीत पत्र्याचे एक लांबट तबक होते आणि त्यात दोन बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या होत्या. आवाज त्यांचाच होता. विजेच्या यंत्रात स्प्रिंगा कशाला, हा प्रश्न मुलांनी विचारला. त्याचे उत्तर शोधता शोधता पेटीवर ज्यांचे नाव होते त्या लिओ फेंडर यांची गोष्ट आम्हाला सापडली. तीच आज तुम्हाला सांगतो.

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, अनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात झाला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आपल्या नागपूरकडची मुले जशी संत्र्यांच्या बागेत वाढतात, तसाच हा मुलगा वाढला. आठ वर्षांचा असताना आजारामुळे त्याचा एक डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवला गेला.

लिओचा एक मामा मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान चालवीत असे. लिओ तेरा-चौदा वर्षांचा असताना मामाने त्याला रेडिओचे जुने सुटे भाग पाठवले. पुढे मामाच्या दुकानात त्याने घरी जुळवलेला एक रेडिओ मोठ्या आवाजात वाजताना ऐकला. त्या आवाजाने लिओला वेड लावले. तो शाळेत असतानाच लोकांचे रेडिओ दुरुस्त करू लागला.

आता तुम्हाला वाटेल, पुढे तो इंजिनियर झाला असेल. तसे झाले नाही. कॉलेजात त्याने हिशेबाचे शिक्षण घेतले आणि अनेक वर्षे हिशेबनीस म्हणून नोकऱ्या केल्या. इलेक्ट्रॉनिक्स तो आपल्या आपणच शिकला. आमच्यासारख्या पदवी घेतलेल्या इंजिनियरांनी हे जरूर ध्यानात ठेवावे! १९३० नंतरची ती वर्षे अमेरिकेत भयंकर मंदीची होती. लिओची नोकरी गेली. तेव्हा १९३८ साली ६०० डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले.

लिओ फेंडर यांची खरी शाळा हेच दुकान. गावातले वादक बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला आणीत. रोज मोडकी यंत्रे उघडणाऱ्या माणसाला एक गोष्ट नेमकी कळते, ती म्हणजे यंत्र कुठे मोडते. कुठला जोड सुटतो, कुठला भाग तापतो, कुठे हात पोचत नाही, हे सारे लिओ पाहत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉक कॉफमन नावाच्या मित्राबरोबर त्यांनी मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारी आणि त्यांचे छोटे अ‍ॅम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. (हवाईयन गिटारवर वाजवलेल्या हिंदी सिनेगीतांच्या धुना तुमच्या आजी-आजोबांना नक्की आठवतील. विचारून पाहा.) धंदा वाढवायचा म्हणजे जोखीम आली. कॉफमन १९४६ साली बाजूला झाले. लिओंनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली.

त्यानंतरची वीस वर्षे त्यांनी जे केले त्याने जगाचे संगीत बदलले. विजेच्या गिटारी आधीही होत्या, पण पोकळ लाकडाच्या गिटारीचा आवाज वाढवला की ती शिट्टी मारू लागे. लिओंनी १९५० साली भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिलाच १९५१ पासून टेलिकास्टर म्हणतात. त्याच वर्षी त्यांची विजेची बास गिटार आली आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर. या गिटारीची मान डिंकाने चिकटवलेली नसते, स्क्रूने बसवलेली असते. मान खराब झाली तर चार स्क्रू काढा आणि नवी लावा. दुरुस्ती करणाऱ्यालाच असे सुचणार!

अ‍ॅम्प्लिफायरचेही तसेच. आमच्या पेटीत कुठला व्हॉल्व्ह कुठे बसवायचा याचा तक्ता आतच चिकटवलेला आहे. सगळे भाग एका पट्टीवर ओळीने मांडून हाताने डाग दिलेले आहेत. साठ वर्षांपूर्वीची पेटी उघडली तरी बनवणाऱ्याने काय केले ते समजते. पुढे कोणीतरी हे उघडणार आहे, हे त्याला ठाऊक होते.

आणि मुलांनो, सगळ्यात गंमत पुढेच आहे. लिओंना गिटार वाजवता येत नव्हती! लहानपणी ते पियानो आणि सॅक्सोफोन थोडेफार शिकले होते, गिटार मात्र कधीच शिकले नाहीत. मग चांगले-वाईट कसे ठरवायचे? वाजवणाऱ्यांना विचारून. ते नवा अ‍ॅम्प्लिफायर वादकांच्या हाती देत, कार्यक्रमाला जाऊन बसत, तक्रारी ऐकत आणि परत येऊन बदल करीत. आपल्याला येत नाही हे त्यांना माहीत होते, म्हणून ते नीट ऐकत.

डिक डेल हा तरुण गिटारवादक त्यांच्याकडे येई. तो इतक्या जोरात वाजवी की स्पीकर फाटत आणि पेट्या जळत. लिओंनी चिडून त्याला हाकलले नाही. टिकेल असा मोठा अ‍ॅम्प्लिफायर होईपर्यंत ते नवी पेटी करीत राहिले. डिक डेलच्या वडिलांचे घराणे मूळचे लेबनॉनचे. आपल्याकडे सूक वाकिफमध्ये ऊद ऐकला असेल, तर त्या भराभर तारा छेडण्याची आठवण डेलच्या गिटारीत तुम्हाला नक्की येईल. १९६२ साली त्याने वाजवलेली ‘मिसरलू’ ही धून मुळात भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचीच आहे.

आता आपल्या स्प्रिंगांकडे वळू. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली की ती कितीतरी वेळ घुमत राहते. छोट्या खोलीत तसे होत नाही. मग खोलीत घुमट आणायचा कसा? तुम्ही काड्यापेट्यांचा टेलिफोन केला असेल. त्यातल्या दोऱ्याच्या जागी स्प्रिंग आहे असे समजा. एका टोकाला तारेचे वेटोळे आणि चिमुकले लोहचुंबक असते. गिटारीचा आवाज विजेच्या रूपाने तेथे येतो आणि स्प्रिंग थरथरते. ती थरथर दुसऱ्या टोकाला पोचायला सेकंदाचा साधारण पंचविसावा ते तिसावा भाग लागतो. तेथे दुसरे वेटोळे तिची पुन्हा वीज करते. काही थरथर उलटी फिरते, परत येते, पुन्हा फिरते. म्हणून आवाज रेंगाळतो. याला रिव्हर्ब म्हणतात.

ही युक्ती लिओंची नव्हे. लांबच्या टेलिफोनवर आवाज उशिरा पोचतो, त्याच्या अभ्यासासाठी बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत स्प्रिंगा वापरल्या गेल्या होत्या. लॉरेन्स हॅमंड यांच्या कंपनीने ती कल्पना घरगुती ऑर्गनसाठी घेतली आणि १९६० च्या सुमारास आटोपशीर तबक तयार केले. लिओंनी ते आपल्याकडे वापरले. १९६१ साली वेगळी पेटी आली, १९६३ साली स्प्रिंगा अ‍ॅम्प्लिफायरच्या आत गेल्या आणि १९६४ साली आमच्याकडे आहे तो प्रिन्स्टन रिव्हर्ब आला. त्याचा स्पीकर १० इंची आणि ताकद सुमारे १२ वॅट.

एक चूक मात्र लिओंनी कायम ठेवली. आवाज लहान-मोठा होतो त्याला ट्रेमोलो म्हणतात आणि सूर वर-खाली हलतो त्याला व्हायब्रॅटो. लिओंनी दोन्ही नावांची अदलाबदल केली. ती चूक त्यांच्या यंत्रांवर छापली गेली आणि आजही अनेक गिटारवादक तसेच बोलतात. तेव्हा मराठीच्या तासाला शब्द चुकला तर फार रडू नका, पण दुरुस्त करा!

यशाच्या शिखरावर असताना लिओंची तब्येत ढासळली. सायनसचा आजार बरा होईना. आपण आता फार जगणार नाही, असे त्यांना वाटू लागले. म्हणून जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सी.बी.एस. या मोठ्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. पुढे डॉक्टर बदलले आणि आजार बरा झाला! पण कंपनी गेली होती, आणि तिच्याबरोबर नावही. दहा वर्षे त्या धंद्यात स्पर्धा न करण्याचा करार होता. हजारो गिटारींवर फेंडर असे झळकत होते, पण स्वतः लिओ फेंडर ते नाव आपल्या नव्या कामावर घालू शकत नव्हते.

एखादा माणूस कडवट झाला असता. लिओ पुन्हा टेबलाशी बसले. आधी म्युझिक मॅन या कंपनीत आणि नंतर जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्याबरोबर जी अँड एल या कंपनीत त्यांनी नव्या गिटारी केल्या. जी म्हणजे जॉर्ज आणि एल म्हणजे लिओ. संपूर्ण नावाच्या जागी आता एकच अक्षर उरले होते, पण काम तेच होते. कंपवाताने हात थरथरू लागले तरी ते कामावर जात राहिले. २१ मार्च १९९१ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आमच्या पेटीचे काय झाले? ती अमेरिकेतल्या ११०-१२० व्होल्टसाठी केलेली, आणि येथे दोह्यात २४० व्होल्ट. थेट लावली असती तर जळाली असती. वीज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर आणला. वाळलेले कपॅसिटर बदलले, तीन पिनांची वायर लावली. मग आणखी एक बटण बसवण्यासाठी पुढच्या पत्र्याला भोक पाडावे असा मोह झाला. ड्रिल हातात घेतलेही होते. पण लिओ आठवले. स्वतः ते सतत बदल करीत, म्हणजे बदल करणे वाईट नव्हे. मात्र पुढच्या माणसाला ते काढता आले पाहिजेत. आम्ही संगणकाचा प्रोग्रॅम बदलताना जुनी प्रत राखून ठेवतो, तसेच हे. भोक बुजत नाही. आम्ही ड्रिल ठेवून दिले. काढलेले जुने भाग आणि काय बदलले त्याची चिठ्ठी मागच्या फळीला पाकिटात लावली आहे. मुलांच्या आग्रहावरून चिठ्ठी मराठीतही लिहिली. कधीतरी कोणी ती पेटी उघडेल, तेव्हा त्याला वाचता आली तर बरे!

सावधान: व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चारशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. जीव जाऊ शकतो. मुलांनी तो कधीही उघडू नये. पालकांनीही जाणकाराशिवाय हात घालू नये.

करून पाहा: एक कागदी पेला घ्या. त्याच्या बुडाला खेळण्यातल्या लांब, सैल स्प्रिंगेचे एक टोक चिकटवा. पेला कानाला लावा आणि लोंबणाऱ्या स्प्रिंगेवर पेन्सिलीने हळूच टिचकी मारा. काय ऐकू आले, ते पुढच्या तासाला वर्गात मराठीत सांगा.

– एक पालक, अल हिलाल